नावानं आंघोळ

आमची आत्या एकदा मेली होती. हे मी गमतीनं लिहीत नाही. दुसरबीडच्या नदीकाठी आजोबांनी तिचा पळसाच्या पानांचा पुतळा जाळला होता, घरादारानं तिच्या नावानं आंघोळ केली होती, तेराव्याला भाऊबंद जेवून गेले होते. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी ती जालन्याच्या मोटारीतून उतरली आणि हातात पत्र्याची पेटी घेऊन स्वतःच्या पायांनी घरी आली.

झालं होतं ते असं. आत्याचं पहिलं नाव तानू. लहानपणी लग्न लागलं आणि नवऱ्याचं तोंड नीट पाहायच्या आत ती विधवा झाली. आम्ही माळी, वांग्या-मिरच्यांचं बागाईत करणारी माणसं. आजोबांनी तिला जन्मभर मळ्यातच राबवली असती. पण तिच्या पायाला मोठं गळू झालं म्हणून मिशनच्या दवाखान्यात नेली, आणि पाय बरा झाला तरी बाई घरी यायचं नाव घेईना. तिथंच नर्सचं काम शिकली. मोठी लढाई पेटली तेव्हा फौजेला नर्सा हव्या होत्या. घरी कोणाला न विचारता ही आपलं नाव देऊन मोकळी झाली आणि ब्रह्मदेशातल्या फौजी इस्पितळात गेली. पुढं जपानी आले, इस्पितळ उठलं, आणि आजोबांच्या हाती सरकारी कागद पडला की तुमची मुलगी बेपत्ता आहे, बहुधा वारली. आजोबा महादेवराव हे कुठलंही काम उद्यावर न टाकणारे गृहस्थ. त्यांनी 'बहुधा'कडे काणाडोळा केला आणि जोशीबुवांना बोलावणं धाडलं.

तर अशी मेलेली आत्या दारात उभी राहिली. आजी, म्हणजे बनाबाई, आधी किंचाळली आणि मग तिला पोटाशी धरायला धावली, पण गावातली जाणती मंडळी आडवी आली. जिच्या नावानं आंघोळ झाली, तिला उंबऱ्याच्या आत घ्यायचं तर ती पुन्हा जन्माला आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ब्रह्मदेशातून रान तुडवत पायी आलेली ती पोरगी आपल्याच घरच्या गोठ्यात निजली. योगायोग असा, की त्याच दिवसांत माझी आई रुक्मिणीबाई बाळंत झाली होती. बारशाचा पाळणा टांगलेलाच होता. आजी म्हणाली, "टांगलाच हाये तं दोघायचंही उरकून घेऊ." आधी माझ्या भावाला पाळण्यात घातलं, त्याचं नाव शालिग्राम ठेवलं. मग ती विशीतली बाई गुडघे टेकून पाळण्याखाली बसली, बायकांनी पाळणा म्हटला, शेजारच्या गोजरबाईनं तिच्या कानात कुर्र केलं आणि तिचं नाव सिंधू ठेवलं. कोणी हसलं नाही म्हणे. आजी तेवढी रडत होती.

त्यामुळं आत्या आणि शालिग्राम एका पाळण्यातले. "आम्ही जुळे हाओत," असं ती सगळ्यांना सांगायची, आणि शालिग्रामही तिला बरोबरीच्या माणसासारखा छळायचा. पुढं ती पुन्हा फौजेत गेली, आणि लढाई संपल्यावर कायमची गावी आली आणि आमच्या भागात सरकारी नर्स झाली. गावानं तिला सिंधूताई वगैरे काही म्हटलं नाही, 'शिस्टरबाई' म्हटलं. किनगावापासून सिंदखेडपर्यंतच्या बायका तिच्या हातून बाळंत झाल्या. पटकीच्या साथीत ती शाळेतच मुक्काम ठोकून राहिली, आणि जो न उकळलेलं पाणी पिताना दिसेल त्याच्या खानदानाचा उद्धार करत राहिली. तिच्या पगारातून मळ्यावर इंजिन आलं, मी शाळेत गेले. स्वतःला तिनं वर्षाला दोन पांढरी लुगडी घेतली, बस्स.

तिचं एक काम मात्र मला लहानपणापासून भीतीदायक वाटे. कोणी दगावलं की घरच्यांना सांगायला डॉक्टर तिलाच पुढं करायचे. ती हात धुवायची, त्या माणसासमोर जमिनीवर बसायची, मेलेल्याचं नाव घ्यायची आणि 'मेला' म्हणायची. वारला नाही, देवाघरी गेला नाही. मी एकदा विचारलं की इतकं कडू काऊन बोलतेस, तर म्हणाली, "दुसरं काई म्हनलं का ऐकनारा त्याले लटकून राह्यते, आशा पोरी. एकडाव कडू सांगाव, मंग त्याच्यापाशी बसून राहाव." आणि ती बसायचीही. चुलीवर भात करपला तरी उठायची नाही.

शालिग्राम फौजेत गेला तो आत्यामुळं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ती लढाईच्या गोष्टी कधी सांगत नसे; पण तिच्या पत्र्याच्या पेटीवरचा फौजी नंबर बघत तो मोठा झाला. भरतीला निघाला तेव्हा आईनं आकांत केला, आत्यानं नुसते त्याचे तळपाय तपासले. लग्न करून जा, असं आईनं पदर पसरून म्हटलं, म्हणून उंद्रीच्या पुष्पाशी त्याचं लग्न झालं. पुष्पा आली तेव्हा सतरा-अठराची असेल, माझ्याहून जराशीच मोठी. नवराबायको जेमतेम एक उन्हाळा एकत्र राहिले. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर चीननं हल्ला केला, आणि थंडी सरायच्या आत कागद आला: शालिग्राम नेफाच्या आघाडीवर बेपत्ता.

बाबा, म्हणजे शेषराव, कागद हातात धरून ओट्यावर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. आई मात्र तरातरा बाहेर आली आणि म्हणाली, "ह्यात रडाचं काय हाये? सिंधूबाईचाबी असाच कागद आलता." आणि तिनं घरात रडायची बंदी केली. जित्या माणसासाठी रडलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे तिचं म्हणणं. पुष्पाच्या हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. वटपौर्णिमेला नवं लुगडं नेसवून आईनं तिला वडाला पाठवलं. चीननं धरून नेलेले जवान परतले, त्यांत शालिग्राम नव्हता. मग दुसरा कागद आला, तो मेला असंच धरावं असा. पुष्पाचे वडील उत्तमराव उंद्रीहून आले आणि हात जोडून म्हणाले की विधी उरकून घ्या, पोरीला मोकळं करा. आईनं त्यांना चहा पाजला, जेवू घातलं, आणि निघताना सांगितलं, "ह्या घरानं एकडाव जित्या मानसाच्या नावानं आंघोळ केली, इवाईबुवा. मीबी केलती, पोटुशी असून. ते पाप मी दुसऱ्यांदा करनार नाई." आणि आत्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दोघं एका पाळन्यातले हायेत. ह्या आल्या ना? तो येईन."

आत्या तिथंच उभी होती. मला तिचा भयंकर राग आला. साऱ्या तालुक्याला तोंडावर 'मेला' सांगणारी बाई स्वतःच्या घरात मूग गिळून बसली होती. आज कळतं की तीही आशा धरून होती. स्वतःचं मूल तिला नव्हतं. जे होतं ते शालिग्राम होतं, आणि त्याला फौजेची वाट आपण दाखवली हे तिला रोज खात होतं.

त्या थंडीत पुष्पाला मिरच्यांचं वेड लागलं. आमच्याकडे लाल मिरच्यांची रास पडायची, त्यातल्या घरच्यापुरत्या कुटायच्या. पुष्पा दुपार झाली की पडवीत बसून उखळात मिरच्या घालायची आणि कुटत राहायची. डोळ्यांतून धारा, नाकातून पाणी. आई ओरडायची, "डोये पूस आधी!" पुष्पा सासूला म्हणायची, "मिरच्या हायेत, मामी." घरात तिखटाची मडकी भरली, डबे भरले, शेजारी वाटून झालं, तरी उखळ चालूच. एक दिवस आत्या दवाखान्यातून आली, पडवीत थांबली आणि म्हणाली, "एवढं तिखट कोन खाईन गं?"

पुष्पानं वर पाहिलं नाही. मुसळ खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, ते हायेत का नाईत हे मले कोनीतरी सांगा. नसतीन तं मले रडू द्या. मले दुसरं काई नोको."

आत्या तिच्याजवळ बसली. मग उठून तिनं बाबांना सांगितलं की ती पुण्याच्या फौजी इस्पितळात जाऊन येते. नेफातून आलेले जखमी अजून तिथं आहेत, शालिग्रामच्या पलटणीचं कोणीतरी भेटेल. बाबा म्हणाले, एकटी कशी जाशील, आशाला सोबत ने. ब्रह्मदेशातून पायी चालत आलेल्या बाईला जालन्याच्या पुढं सोबत हवी म्हणून मला धाडण्यात आलं!

पुण्यात तिची एक जुनी मैत्रीण मेट्रन होती, तिच्या ओळखीनं आम्ही वॉर्डात गेलो. शालिग्रामच्या तुकडीतला नारायण नावाचा जवान भेटला. बर्फानं त्याच्या दोन्ही पायांची बोटं झडली होती. आत्या त्याच्या खाटेजवळ बसली, आधी त्याचं बँडेज पाहिलं, मग नाव सांगितलं. तो पोरगा घाबरला. मग बोलला. माघार घेताना शालिग्रामच्या मांडीत गोळी लागली. नारायणनं आणि आणखी एकानं त्याला उचलून आणलं, पण चढावर जमेना. एका खडकाच्या आडोशाला त्याला बसवला, अंगावर कांबळ टाकलं, स्ट्रेचर घेऊन येतो म्हणून सांगितलं, आणि पुढं गेले.

"रक्त कसं येत होतं?" आत्यानं विचारलं. "पाझरत होतं का उसळत होतं?"

"उसळत होतं, सिस्टर."

आत्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं तिनं आणखी काही विचारलं, त्यानं मान हलवून नाही म्हटलं आणि तोंडावर चादर ओढून रडायला लागला. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिली. गाडीत मी तिला विचारलं की आता काय, तर म्हणाली, "काई नाई. सांगनं हाये."

घरी पोचलो तेव्हा सकाळची उन्हं ओट्यावर आली होती. आई मेथीच्या जुड्या बांधत होती, पुष्पा तिला दोरा देत होती, बाबा बैलांना पाणी पाजून नुकते आले होते. आत्यानं रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. ती आईसमोर जमिनीवर बसली.

"वहिनी, आपला शालिग्राम मेला."

आईनं जुडी बांधून पूर्ण केली. मग ती भडकून उठली. "मेलेली तू हायेस! तुले जाळलं आमी नदीवर! तू कोनाले मेला म्हनते? तूच नेलं त्याले फौजेत, अन् आता तूच मारून राह्यली?"

आजवर आईनं आत्याला अहो-जाहोच केलं होतं. बाबा पुढं झाले, पण आत्यानं हातानं त्यांना थांबवलं.

"हाव, म्याच नेला. ते माह्या जिवासंगच जाईन. पन आता आयकून घे. मी वापस आली म्हनून तो येईन, असं तू वर्षभर म्हनून राह्यली, अन् मी आयकून घेतलं. मले गोड लागत होतं. आमी तिकडून निंघालो तं आमच्यासंग जखमी होते. चालता येईना त्यायले झाडाखाली बसवलं आमी. कांबळ टाकलं, म्हनलं येतो मानसं घेऊन. माह्या हातानं बसवले म्या, वहिनी. कोनीच वापस गेलं नाई. बेपत्ता म्हंतेत ते हे असं असते. त्यायचे मायबापबी अजून वाट पाहात असतीन, कोनाची तरी सिंधू वापस आली म्हनून."

तिनं ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नव्हती. बाबांनाही नाही.

"शालिग्रामले तसंच बसवलं खडकाजवळ," ती म्हणाली. "मांडीतून रक्त उसळत होतं. मी अशा जखमा पाह्यल्या. त्याले लय वेळ लागला नसीन. तो पोरगा मले भेटला ज्यानं बसवलं त्याले."

आई खाली बसली. तिच्या तोंडावरचा राग कुठं गेला कळलं नाही. मग आईनं अगदी साध्या आवाजात, मळ्यातून आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "पानी ठेवलं होतं का त्याच्यापाशी?"

मी आत्याकडे पाहिलं. इस्पितळात तिनं शेवटी विचारलेला प्रश्न हाच होता. 'हो' म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? मी मनातल्या मनात तिला विनवत होते की म्हण, आत्या, हो म्हण. इस्पितळात हजार मरणाऱ्यांना 'तू घरी जाशील' म्हणून थापा मारल्यास, एक आणखी मार.

"नाई," आत्या म्हणाली. "पानी नव्हतं कोनापाशीच. तो मांगत होता."

आईनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मला वाटलं ही आता वेडी होणार, आणि त्या क्षणी मी आत्याचा द्वेष केला. पण आई उठली. तिनं कोनाड्यातला तांब्या घेतला, रांजणात बुडवला, परत ओतला, आणि बाबांना म्हणाली, "माहं लेकरू तहानलेलं बसलं वो तिथं. वर्षाच्या वर झालं. अन् म्या त्याले पानी देऊ देल्लं नाई. जोशीबुवाले बलवा. आजच."

आमच्याकडची समजूत अशी, की मेलेल्याला पाणी पोचतं ते त्याच्या नावानं घरच्यांनी दिलं तरच. जो जिता आहे असं धरलं, त्याला कोण पाणी देणार? आईला त्या एका गोष्टीनं हलवलं. सरकारचे कागद, व्याह्यांचे जोडलेले हात, कशाकशानं ती हलली नव्हती. आत्याला हे आधी कळलं होतं का, की तिनं फक्त खरं तेच सांगितलं, हे मी तिला पुढं कधी विचारलं नाही. मला वाटतं, त्या सकाळी तिच्यात खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

जोशीबुवा म्हणाले, आज तिथी बरी नाही, आणि आई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली, तेव्हा ते पिशवी घेऊन निघाले. उन्हं कलायच्या आत आम्ही खडकपूर्णेच्या काठी होतो. बाबांनी पळसाची पानं आणली, जोशीबुवांनी दर्भानं बांधून पुतळा केला: डोक्याला नारळ, अंगावर पांढरं फडकं. माणूस म्हणावा असं त्यात काही नव्हतं, तरी सगळे त्याच्यापासून जरा हातभर लांबच उभे होते. गाव जमलं होतं. ज्यांना आत्यानं बाळंतपणात सोडवलं त्या बायका, त्यांची पोरं. पहिल्यांदाच कोणी शिस्टरबाईला हाक मारत नव्हतं. ती एका बाजूला उभी होती, कोणाच्याच अध्यात ना मध्यात.

आग द्यायच्या आधी घरच्यांनी पाणी पाजायचं असतं. बाबांनी पाजलं. मी पाजलं. आईनं आत्याचा हात धरून तिला पुढं ओढलं, तांब्याला तिचाही हात लावून घेतला, आणि दोघींनी मिळून नारळावर पाणी धरलं. तांब्या संपला. आई नदीत उतरली, भरून आली, पुन्हा धरलं. पुन्हा उतरली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालं, पुतळ्याखालची माती वाहायला लागली, पानं सुटायला लागली, तरी ती भरतच होती, धरतच होती. शेवटी जोशीबुवा चाचरत म्हणाले, "बाई, पुतळा भिजला पुरा. पेटणार नाही."

"नोको पेटू दे," आई म्हणाली. "आधी त्याले पिऊ द्या."

मग पुष्पा पुढं झाली. तिनं आईच्या हातातला तांब्या हलकेच काढून घेतला, नदीत जाऊन भरला आणि पुतळ्याशी गुडघ्यांवर बसली. अर्धं पाणी तिच्या हातावरूनच सांडलं. "घ्या," एवढंच ती म्हणाली, आणि पुढं तिला बोलता येईना. नुसती तोंड उघडून बसली, आवाज नाही. एवढ्या दिवसांची सवय. रडायचं कसं तेच जणू तिला आठवेना. तिची नजर आईकडे गेली, चोरी सापडल्यासारखी.

आई त्या चिखलात तिच्याजवळ बसली. तिचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं आणि म्हणाली, "रड माय. आता रड. मोठ्यानं रड."